गावाने ‘नको’ म्हटलं म्हणून प्रकल्प बाद होतो का?

खाण असो वा विमानतळ, गोव्यात जनसुनावणी जाहीर झाली की एक समज हमखास ऐकू येतो: हॉल भरून विरोध केला की पर्यावरण दाखला मिळत नाही. तसं नाही. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या (ईआयए) 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार सुनावणीत मतदान नसतं, गणसंख्येचीही अट नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणणं नोंदवून पुढे पाठवतं. छाननी तज्ज्ञ समिती करते. दाखला केंद्राचं मंत्रालय किंवा राज्याचं प्राधिकरण देतं.

म्हणून घोषणांपेक्षा लेखी हरकत कामाची. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालात गावची झर अमुक सर्व्हे नंबरात दाखवलेलीच नाही, असं नेमकं लिहा आणि पोच घ्या. (ओरडायला कोणाची ना नाही, पण ओरडण्याला पोच मिळत नाही.)

दुसरा समज याच्या उलट: दाखला मिळाला, आता संपलं. तेही खरं नाही. राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, 30 दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस मिळतात, त्यापुढे दार बंद. गोव्याची प्रकरणं पुण्याच्या खंडपीठाकडे जातात.

पेडण्यातला मोपा विमानतळ घ्या. 2015 चा दाखला लवादाने कायम ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मार्च 2019 मध्ये तो स्थगित करून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला. अर्जात माहिती दडवली होती आणि समितीने नीट तपासलं नव्हतं, हे त्यामागचं कारण. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, विमानतळ झालाच. पण जादा अटींसह, आणि त्यांच्यावर देखरेख ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेची.