पाऊस लागायच्या आत: हार्ड डिस्कचा बॅकअप आणि क्लोनिंग

मे महिना सरत आला की आपल्याकडे आगोटीची लगबग सुरू होते. तांदूळ, सुकट-बोंबील, कोकमं, मसाला, सुकी लाकडं, सगळं वेळेत घरात येतं. या बेगमीत संगणकाला मात्र कुणी धरत नाही. मग वळवाचा पहिला कडकडाट होतो, लाइट चार वेळा येते-जाते आणि आमच्या काउंटरवर लॅपटॉपची रांग लागते. प्रश्न ठरलेला असतो, "आतलं सगळं मिळेल ना?" त्याचं उत्तर दर वेळी 'हो' देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

बॅकअप आणि क्लोन एक नव्हेत

बॅकअप म्हणजे तुमच्या कामाच्या फायलींची दुसरीकडे ठेवलेली प्रत: टॅलीचा डेटा, आंब्याच्या पेट्यांचे हिशेब, होमस्टेच्या बुकिंगची एक्सेल, मुलीच्या लग्नाचे फोटो. क्लोन म्हणजे अख्खी डिस्कच दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, सीडी कधीच हरवलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर, सगळं त्यात येतं. नवी डिस्क बसवली की मशीन कालच्यासारखं सुरू होतं.

हापूसचं कलम बांधतात तसंच हे. मूळ झाडाची चव येते, तसा साकाही (आतला गर खराब होण्याचा दोष) येतो. जुन्या डिस्कवर व्हायरस असेल किंवा विंडोज बिघडलेलं असेल, तर तेही इमानदारीत नव्या डिस्कवर जातं. शिवाय क्लोन त्या दिवसापुरताच. जूनमध्ये केलेल्या क्लोनमध्ये ऑगस्टची बिलं सापडणार नाहीत. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (आत काही फिरत नाही अशी वेगवान डिस्क) बसवायची असेल, तर क्लोन उत्तम. रोजच्या हिशेबाला बॅकअपच लागतो.

डिस्क टकटक करत असेल तर

फाइल उघडायला मिनिटं लागतात, मशीन मध्येच गोठतं, आतून टकटक येते. अशा वेळी लोक हमखास दोन चुका करतात: पुन्हा पुन्हा चालू करून बघतात, नाहीतर विंडोजचं डिस्क तपासणारं 'चेक डिस्क' लावून ठेवतात. दोन्ही नको. फिरत्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. ते हेड खराब झालं असेल, तर चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला ते तबकडी खरवडू शकतं. मशीन बंद करा आणि तसंच घेऊन या. आवाज नसेल, नुसते खराब सेक्टर (डिस्कवरचे वाचता न येणारे कप्पे) असतील, तर आम्ही आधी तुम्ही सांगाल त्या फायली काढतो, मग बाकीचं. आवाज येणारी डिस्क आम्ही उघडत नाही. ती धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच जायला हवी. तिथला खर्च मोठा असतो आणि तरी खात्री नसते.

पुराचं पाणी

२२ जुलै २०२१ चिपळूणकरांना सांगायला नको. संगणक टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, दोन्ही एकाच पाण्यात. अशा बॅकअपचा उपयोग काय? बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं आणि गाळाचं पाणी तिथून आत जाऊ शकतं. भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका, चालू तर मुळीच करू नका. आत गाळ सुकला की तो तबकडीला चिकटतो. ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणा.

यावर उपाय म्हणजे एक प्रत दुसऱ्या गावी ठेवणं. आमचे एक ग्राहक गणपतीला आलेल्या भावाच्या हाती एक डिस्क मुंबईला पाठवतात आणि शिमग्याला ती परत आली की दुसरी देतात. इतका स्वस्त आणि पक्का बंदोबस्त आम्हालाही सुचला नव्हता. मधल्या महिन्यांसाठी एक डिस्क घरी असतेच. गूगलची फुकट १५ जीबी जागा कागदपत्रांना पुरते, लग्नाच्या व्हिडिओला नाही. आणि लक्षात घ्या, नुसतं सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या फायली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. इकडची फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते.

घरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर वीज पडल्यावर संगणकाबरोबर तीही जाते. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला, तर तोही तिला सोडत नाही. महिन्यातून एकदा त्यातल्या दोन-तीन फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झालेली फाइल उघडतेच असं नाही.

क्लोनिंगला आणताना

चार्जर आणि पासवर्ड आणाच. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरच्या माहितीला लागणारं कुलूप) आपोआप चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती लिहून आणा. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्क बदलल्यावर पुन्हा चालू करावं लागतं, तेव्हा त्याची पावती शोधून ठेवा.

नवी डिस्क १ टीबीची असून विंडोज ९३१ जीबीच दाखवतं, म्हणून दरवर्षी कुणीतरी आमच्याशी भांडतं. फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. कंपनी हजाराने भागते, विंडोज १०२४ ने.

सेकंदाला १०० एमबी वेग धरला, तर ५०० जीबीला दीड तासाच्या आसपास लागतो. खराब सेक्टर असतील तर रात्रभरही. मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून आम्ही हे काम यूपीएसवरच करतो आणि आभाळ गडगडत असेल तर घेतच नाही. तुम्हाला थांबावं लागेल.

जुनी डिस्क आम्ही ठेवून घेत नाही. ती महिनाभर तशीच जपा. नव्या डिस्कवर सगळं नीट चालतंय असं दिसलं की मग घेऊन या. भंगारात देण्याआधी ती तुमच्यासमोर पुसून देऊ.