एकाच पातेल्यातला खिमा-पास्ता: बन्सीच्या रव्याचा की मैद्याचा?

किराणा दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली मॅकरोनीची दोन पाकिटे पाहिली, तर त्यांच्यात किमतीखेरीज काही फरक असेल असे सहसा वाटत नाही. आकार तोच, पिवळसर रंग जवळपास तोच आणि पाकिटावरचे लालभडक टोमॅटोचे चित्रही तेच. प्रत्यक्षात एक पाकीट ड्युरम गव्हाच्या रव्याचे असते आणि दुसरे मैद्याचे, किंवा मैदा आणि साधा रवा यांच्या मिश्रणाचे. पास्ता भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देऊन वरून सॉस घालायचा असेल तर हा फरक बराचसा झाकला जातो. पण मांस, कांदा, टोमॅटो आणि पास्ता असे सगळेच एका पातेल्यात शिजवायचे असेल, तर समोर येणारा पदार्थ सुटसुटीत होणार की त्याचा लगदा होणार, हे मुख्यतः या एका निवडीवर ठरते.

ज्या पाश्चात्त्य घरांत हा पदार्थ रात्रीच्या झटपट जेवणासाठी रूढ झाला, तेथे त्यात गोमांसाचा खिमा असतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होतीच. २०१५ मध्ये कायद्यातील दुरुस्ती लागू झाल्यापासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे नाशिकच्या घरात हा पदार्थ करायचा म्हणजे मटणाचा किंवा चिकनचा खिमा, आणि जेथे चालतो तेथे म्हशीच्या मांसाचा खिमा घ्यायचा. हा बदल केवळ चवीचा नाही. तिकडचा बारीक दळलेला, चरबीयुक्त खिमा पास्त्याबरोबरच शिजून निघतो. आपल्याकडचा मटणाचा खिमा मऊ व्हायला त्याहून बराच जास्त वेळ घेतो. मांसाला वेळ द्यावा तर पास्ता फुटतो आणि पास्त्याकडे पाहावे तर मांस चिवट राहते, ही अडचण परदेशी कृती जशीच्या तशी उचलणाऱ्याला हमखास येते. पातेल्यातला पास्ता कोणत्या गव्हाचा आहे हे ठाऊक असले, तर ती सोडवता येते.

ड्युरम गहू नाशिककरांना परका नाही. बाजारात ज्याला बन्सी म्हणतात तोच हा गहू. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या वाणांपैकी ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’ हे बन्सी प्रकारातले आहेत, तर ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ हे सरबती, म्हणजे पोळीच्या गव्हाचे. शेतात उभे असताना हे दोन गहू नात्यातले वाटले तरी त्यांची घडण वेगळी आहे: बन्सीच्या पेशीत गुणसूत्रे २८ असतात, पोळीच्या गव्हात ४२. बन्सीचा दाणा टणक, काचेसारखा आणि पिवळसर झाक असलेला असतो. दळताना त्याचे पीठ होण्याऐवजी कणीदार रवा पडतो. त्याच्यात प्रथिने सहसा जास्त असतात आणि त्यांपासून बनणारे ग्लुटेन घट्ट असते, मात्र फारसे ताणले जात नाही. म्हणूनच बन्सीच्या पोळ्या मनासारख्या लुसलुशीत होत नाहीत आणि पोळीसाठी लोकवन किंवा सरबती घेणारी गृहिणी शेवयांसाठी मात्र आवर्जून बन्सी शोधते. उन्हाळ्यात शेवया करणाऱ्या आपल्या आज्यांनी गव्हाची जी पारख केली, तीच इटलीने कायद्यात घातली. तेथे १९६७ च्या कायद्याने वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असला पाहिजे असे ठरवले.

मैदा हा पोळीच्या गव्हाचा सर्वात बारीक, कोंडा काढलेला भाग. बारीक दळताना त्यातील स्टार्चचे बरेच कण फुटतात आणि फुटलेला कण पाणी भराभर शोषून घेतो. पास्ता शिजतो तेव्हा दोन क्रिया एकाच वेळी चाललेल्या असतात: साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात आणि त्यांच्याभोवतीची ग्लुटेनची जाळी घट्ट होत जाते. जाळी मजबूत असली तर फुगलेले कण आतच अडकून राहतात आणि तुकडा बाहेरून मऊ, आतून किंचित करकरीत लागतो. जाळी विरळ असली तर कण फुटून स्टार्च बाहेर पडतो, तुकड्याची कड झिजते आणि पाणी पेजेसारखे होते. उकडून निथळण्याच्या पद्धतीत ही पेज मोरीत जाते, त्यामुळे मैद्याचा पास्ताही बऱ्यापैकी दिसतो. एकाच पातेल्यात शिजवताना काहीच ओतून द्यायचे नसते. बाहेर पडलेला प्रत्येक कण रश्श्यातच राहतो. बन्सीच्या पास्त्यातूनही थोडा स्टार्च सुटतो, आणि तो सुटायलाच हवा, कारण टोमॅटोचे पाणी आणि मांसाची चरबी यांना एकत्र धरून रस्सा मखमली करण्याचे काम तोच करतो. मैद्याच्या पास्त्यातून तो इतका सुटतो की रश्श्याची खळ होते, ती तळाला बसते आणि वरचा पास्ता पुरता शिजण्याआधीच खालचा करपू लागतो.

मग दुकानात ओळखायचे कसे? रंगावर विसंबू नये. बन्सीचा पिवळेपणा दाण्यातील नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो, पण तो रंग वरून घालूनही आणता येतो. खरी माहिती पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे बंधनकारक असल्यामुळे पहिला शब्द वाचला तरी पुरे. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तर पाकीट बन्सीचे. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ किंवा ‘मैदा’ पहिला असेल तर प्रश्नच मिटला. फसगत होते ती नुसते ‘सूजी’ किंवा ‘व्हीट सेमोलिना’ लिहिलेल्या पाकिटांवर, कारण रवा पोळीच्या गव्हाचाही निघतो आणि समोर मोठ्या अक्षरांत ‘रवा पास्ता, मैदा नाही’ असे लिहिले तर ते खोटेही ठरत नाही. अशा पाकिटातला पास्ता मैद्याच्या पास्त्यापेक्षा बरा असतो, पण बन्सीची बरोबरी करीत नाही. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने १२ ग्रॅम किंवा अधिक असणे हे चांगले लक्षण आहे. मात्र कणकेच्या पास्त्यातही तेवढी प्रथिने असू शकतात, म्हणून हा आकडा घटकांच्या यादीसोबतच वाचावा. परदेशी पाकिटाचाच आग्रह धरण्याचे मात्र कारण नाही. माळव्यात ड्युरम भरपूर पिकतो आणि देशात तयार झालेला ड्युरमचा पास्ता या कामाला उत्तम चालतो.

रविवार कारंजाच्या आसपासच्या जुन्या दुकानांत किंवा आठवडे बाजारात पास्ता सुटाही मिळतो आणि तेथे वाचायला पाकीट नसते. त्यासाठी घरी आणलेल्या पास्त्याचे आठ-दहा तुकडे काचेच्या पेल्यात घालून वर उकळते पाणी ओतावे आणि दहा मिनिटे हात लावू नये. बन्सीचा असेल तर पाणी किंचित धूसर होते, पण पेल्यापलीकडचे बोट दिसते. तुकड्यांच्या कडा आणि त्यांवरच्या रेघा शाबूत राहतात आणि तुकडा चिमटीत दाबला तर पुन्हा आकारावर येतो. मैद्याचा असेल तर पाणी दुधट होते, तळाशी पांढरा गाळ जमतो आणि तुकडा चिमटीत बोटांना चिकटतो. न शिजवलेला तुकडा मोडूनही अंदाज येतो: बन्सीचा कट्कन तुटतो आणि तुटलेली कड काचेसारखी चकाकते, तर मैद्याची कड खडूसारखी पांढरी आणि भुसभुशीत दिसते.

बन्सीचा पास्ता हाताशी असेल तर चौघांसाठी अर्धा किलो मटणाचा खिमा, पाव किलो पास्ता, तीन मध्यम कांदे, चार-पाच पिकलेले टोमॅटो आणि आठ-दहा लसूण पाकळ्या एवढे साहित्य पुरते. टोमॅटो गिरणारे किंवा पिंपळगावच्या बाजारातला असो, तो लाल आणि दाबल्यावर नरम लागणारा घ्यावा. लांबच्या वाहतुकीसाठी कडक असतानाच तोडलेला टोमॅटो रश्श्याला रंग देतो, रस देत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून कांदा गुलाबी करावा, लसूण घालावा आणि मग खिमा पसरून मोठ्या आचेवर ठेवावा. खिम्याला आधी पाणी सुटते. ते पूर्ण आटून तेल दिसू लागेपर्यंत आणि खिम्याच्या गाठी उलथन्याने फोडत त्याला तपकिरी रंग येईपर्यंत परतावे. या पायरीत घाई केली तर पुढे कितीही मसाला घाला, रस्सा पाणचट लागतो. त्यानंतर तिखट, धने-जिरे पूड, मीठ आणि चिरलेला टोमॅटो घालून, झाकण ठेवून मंद आचेवर खिमा वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावा. तळाला लागू लागला तर अधूनमधून गरम पाण्याचा हबका मारावा. चिकनच्या खिम्याला दहा मिनिटे पुरतात. म्हशीच्या मांसाला मटणाइतकाच, कधी त्याहून अधिक वेळ लागतो.

मांस दाताखाली मऊ लागले की मगच पास्ता घालावा. त्यावर सुमारे अर्धा लिटर उकळते पाणी ओतावे, इतके की पास्ता जेमतेम बुडेल. पहिली दोन मिनिटे सतत हलवावे, कारण तुकड्यांच्या पृष्ठभागावरचा स्टार्च याच वेळी चिकट असतो. मग झाकण ठेवून मध्यम-मंद आचेवर शिजवावे आणि दर तीन-चार मिनिटांनी तळापासून वर-खाली करावे. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा दोन ते चार मिनिटे जास्त लागतात, कारण घट्ट रश्श्यातले पाणी तुकड्यात शिरायला साध्या पाण्यापेक्षा अधिक वेळ घेते. याच कारणाने या पदार्थात सुक्या खोबऱ्याचे वाटण घालू नये. चमचाभर काळा मसाला घातला तर खिम्याला आपली चव येते आणि ती मला ओरेगॅनोपेक्षा अधिक भावते; पण वाटणाने रस्सा इतका दाट होतो की पास्ता मधोमध कच्चाच राहतो. रस्सा थोडा सैल असतानाच गॅस बंद करावा. पाच मिनिटांच्या मुरण्यात उरलेले पाणी पास्ता ओढून घेतो.

घरात मैद्याचाच पास्ता असेल तर पदार्थ टाळण्याची गरज नाही, क्रम आणि माप बदलावे लागते. खिमा आधी पूर्ण शिजवून घ्यावा, हवे तर कुकरला तीन शिट्ट्या देऊन, आणि रस्सा चव घेऊन तयार करून ठेवावा. पास्ता वाहत्या गार पाण्याखाली चाळणीत एकदा झटकन धुतला तर त्यावरचे सुटे पीठ निघून जाते. पाणी अर्ध्या लिटरऐवजी साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर घ्यावे, झाकण अर्धवट ठेवावे आणि पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधीपासूनच तुकडा चाखून पाहावा. हलवताना उलथन्याने घुसळू नये. पातेले दोन्ही कानांना धरून हलवले तर तुकडे मोडत नाहीत. आकारही विचारपूर्वक निवडावा. आखूड, जाड भिंतीची मॅकरोनी टिकते, पण पातळ पाकळ्यांचा स्क्रूसारखा पास्ता मैद्याचा असेल तर पातेल्यातच उलगडून विरतो. आणि लहान मुलांसाठी किंवा आजारातून उठलेल्या माणसासाठी मऊ, खिरीसारखा दाट पदार्थच हवा असेल, तर मैद्याचा पास्ता उलट सोयीचा पडतो, हेही मान्य करायला हवे.

पास्ता घातल्यावर कुकर लावावा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. बन्सीच्या पास्त्याला मध्यम आचेवर एक शिट्टी देऊन, पाच मिनिटांनी वाफ हळूहळू सोडली तर काम भागते, मात्र पाणी पातेल्याच्या मापापेक्षा वाटीभर कमी ठेवावे. मैद्याच्या पास्त्याला कुकर लावूच नये, कारण झाकण उघडून पाहण्याची संधी नसते आणि मैद्याच्या बाबतीत शिजणे आणि फुटणे यांच्यात दोन-तीन मिनिटांचेच अंतर असते.

कणकेचा पास्ता या दोन्हींहून वेगळा. त्यातील कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी मध्येमध्ये तोडतात, म्हणून ड्युरमच्या कणकेचा असला तरी तो हलवताना लवकर मोडतो. बाकी पाण्याचे माप बन्सीचेच, किंचित अधिक.

उरलेला पदार्थ गार झाला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, कारण त्यात मांस आहे. बन्सीचा पास्ता दुसऱ्या दिवशीही तुकडे धरून राहतो. पाव वाटी पाणी शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम केला की डब्यात द्यायलाही चालतो. मैद्याच्या पास्त्याची रात्रीतून एकसंध वडी होते, त्यामुळे तो एका जेवणात संपेल एवढाच करावा.