दोन मीटरवरचा घोणस

बडोद्याहून जांबुघोडा साधारण 70 किलोमीटर. डिसेंबरातल्या एका सकाळी तिथल्या एका शेताच्या बांधाशी मी आणि माझा भाचा सापाचे फोटो काढायला उभे होतो. शेतमालक बोटाने दाखवत होते आणि आम्हाला सागाच्या वाळक्या पानांपलीकडे काही दिसत नव्हतं. मग एकदम साखळी दिसली: तपकिरी लंबगोलांच्या तीन रांगा, प्रत्येकाला काळी कड. चारेक फुटांचा घोणस उन्हात वेटोळं करून बसला होता.

सापाच्या अंगाला ऊब बाहेरून घ्यावी लागते, म्हणून थंडीत तो स्वतःच उन्हाला येतो. त्याच्यासाठी दगड उलथायची किंवा बिळात काठी घालायची गरज नसते, आणि तसं करूच नये.

"मामा, अजून दोन पावलं?"

"नाही. आहेस तिथेच बस."

साप साधारण अंगाच्या निम्म्या लांबीपर्यंत झेप घेऊ शकतो. म्हणजे याची झेप दोन फुटांची. 100 मिमीच्या मॅक्रो लेन्सने अगदी जवळचा फोटो काढायचा तर साप कॅमेऱ्यापासून फुटाभरावर येतो. म्हणूनच विषारी सापासाठी मी ती लेन्स पिशवीतून बाहेरच काढत नाही. 300 मिमीची लेन्स लावून आम्ही दोन मीटरवर थांबलो. तेवढ्यावरूनही फोटोची चौकट सापाच्या वीतभर भागाने भरते. प्रत्येक खवल्याच्या मधोमध उठलेली बारीक धार दिसत होती, डोळ्यातली उभी बाहुली दिसत होती. त्या डोळ्याला पापणी नसते, वर फक्त एक पारदर्शक खवला असतो. फ्लॅश पडला तर सापाला डोळे मिटता येत नाहीत, म्हणून आम्ही तो लावला नाही. कात टाकायच्या आधी हाच खवला दुधाळ होतो आणि सापाला नीट दिसत नाही. अशा सापाच्या वाटेलाच जाऊ नये.

आमचा घोणस गप्प होता, हे महत्त्वाचं. तो कुकरच्या वाफेसारखा फुत्कारायला लागला तर आपण फार जवळ गेलोय. नागाच्या फण्याचंही तेच. फणा काढलेला नाग घाबरलेला असतो, आणि तो फणा फोटोसाठी काढायला लावला असेल तर माझ्या लेखी तो फोटो फसलेला आहे.

मण्यारीची भीती वेगळी. ती रात्री फिरते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त झोपी जातो. घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद संपते. दंश कुठल्याही सापाचा असो, कापू नका, आवळून बांधू नका. हातपाय न हलवता 108 ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, ते रुग्णालयातच मिळतं.

पाऊण तासाने ऊन सरकलं तसा घोणस सावकाश उलगडला आणि बांधाच्या गवतात शिरला. भाच्याच्या शेवटच्या फोटोत नुसती शेपटी आहे, आणि तिच्यावर कलंडलेलं सागाचं एक पान.