खुर्चीतून हात न टेकता

न्यूमोनियाचे बारा दिवस काढून आई हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा ताप उतरला होता, एक्स-रे स्वच्छ होता, रक्ताचे रिपोर्टही चांगले होते. फक्त तिला कमोडवरून उठता येईना. वय 81. दाखल झाली त्या दिवशी रिक्षातून स्वतः उतरली होती. मग घरात कुणीही मायेपोटी करेल तेच आम्ही केलं. पाण्याचं भांडं उशाशी, जेवणाचं ताट पलंगावर, आणि दिवसभर एकच घोषा, "तू उठू नकोस, आम्ही आहोत ना." तीन आठवड्यांत तिच्या मांड्या आणखी बारीक झाल्या.

घरी आलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी तिला तपासलं आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "दिवसात किती वेळा उठतात या?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे. म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाला आराम हवा असं आपण धरून चालतो आणि त्याची उरलीसुरली ताकद आपल्याच हातांनी काढून घेतो.

अंथरुणाला खिळल्यावर काय होतं हे मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात साठीपुढच्या, धडधाकट स्वयंसेवकांना 10 दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. आजार कुठलाच नव्हता, जेवण व्यवस्थित होतं. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. धडधाकट माणसाची ही गत, तर आजारपणात, भूक मेलेली असताना ऐंशीच्या घरातल्या बाईचं काय होत असेल?

डॉक्टर ज्याला 'फ्रेल्टी' म्हणतात, त्याला आपल्याकडे 'आता फार थकल्यात' असं म्हणायची पद्धत आहे. 2001 मध्ये अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थकण्याची पाच लक्षणं नेमकी मांडली: प्रयत्न न करता वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचालच कमी होणं. यातली तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल. बारकाईने पाहिलं तर ही लक्षणं एकमेकांना ओढत नेतात. पाय अशक्त म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून भूक कमी, भूक कमी म्हणून पाय आणखी अशक्त. हे चक्र कुठेतरी अडवायला हवं, आणि अडवायची सगळ्यांत हुकमी जागा मांडीच्या स्नायूंत आहे, हे दाखवणारा प्रयोग बोस्टनमध्ये झाला.

1990 साल. बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात राहणारे 10 अशक्त वृद्ध, सरासरी वय 90. डॉ. मारिया फियातारोने यांनी त्यांना वजन उचलायला लावलं. तेही लुटुपुटूचं नाही. ज्याला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन पायाने उचलता येई, त्याच्या 80 टक्के. आठवड्यातून तीन दिवस, खुर्चीत बसून, गुडघा सावकाश सरळ करायचा आणि सावकाश खाली आणायचा. नव्वदीच्या माणसाला असलं काही करायला लावणं तेव्हा अनेकांना धोक्याचं वाटे. एक जण मधेच थांबला. उरलेल्या नऊ जणांची पायांची ताकद आठ आठवड्यांत सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट झाली. दोघांनी काठी सोडली. आधी हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण हात न टेकता उठू लागला.

मला या प्रयोगातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. याच आठ आठवड्यांत मांडीच्या स्नायूचा आकार वाढला तो फक्त 9 टक्के. आकार इतकासा वाढला आणि ताकद पावणेतीन पट कशी झाली? कारण ताकद नुसत्या मांसात नसते. मणक्यातून निघालेली एकेक नस स्नायूच्या तंतूंच्या एकेका जुडग्याला हुकूम देते. वर्षानुवर्षं जोर लावायची वेळच आली नाही, तर बऱ्याच जुडग्यांना हुकूम पोचतच नाही. ती जिवंत असतात, कामावर नसतात. जोराचा व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि मणका या जुडग्यांना पुन्हा कामाला लावतात, एकाच वेळी अनेकांना हाक देऊ लागतात. मांस भरतं ते त्यानंतर, हळूहळू. म्हणून महिनाभर व्यायाम करूनही आईची मांडी टेपने मोजली तर तेवढीच भरली, पण उठणं बदललं होतं.

वयानुसार जे तंतू आधी आणि जास्त झिजतात ते झटक्याने आकसणारे, वेगाचे तंतू. ठेच लागल्यावर पाय क्षणात पुढे टाकून शरीर सावरणं हे त्यांचं काम. रोज देवळापर्यंत रमतगमत जाऊन येणं हृदयाला आणि मनाला चांगलंच आहे, ते सोडू नये. पण त्यात हे तंतू फारसे जागे होत नाहीत. जोर लागला तरच ते हलतात. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं याला भक्कम पुरावाही नाही. पडणं कमी होतं ते तोल आणि ताकद या दोन्हींच्या व्यायामाने. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी घरच्या घरी करायचा असा कार्यक्रम बसवला. घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावून उभं राहणं, कशाचा तरी आधार घेऊन एका पायावर उभं राहणं. फिजिओथेरपिस्टने मोजक्या वेळा घरी येऊन शिकवायचं आणि मग आपापलं करायचं. त्यांच्या चार अभ्यासांचे निकाल एकत्र केले तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरलेलं माणूस ज्यांच्या घरात होतं, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता टॉनिकबद्दल. घरात कुणी थकलं की सगळ्यांत आधी पावडरीचा डबा येतो. आमच्याकडेही दोन आले. 1994 मध्ये फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या 100 जणांवर मोठा अभ्यास केला, सरासरी वय 87. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद 113 टक्क्यांनी वाढली होती, न करणाऱ्यांची 3 टक्के. जिना चढण्याचा जोर 28 टक्क्यांनी वाढला. नुसतं पेय घेणाऱ्यांना ताकदीत काही फरक पडला नाही. अन्नाचं महत्त्व याने कमी होत नाही. डाळ, उसळ, अंडं, दही, ज्याला जे चालतं ते रोज पोटात जायलाच हवं, कारण स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, आणि म्हातारपणी ती थोडी जास्तच लागतात. पण मालमसाला दारात येऊन पडला आणि गवंडीच नसला, तर भिंत उभी राहत नाही.

हॉस्पिटलमध्ये असतानाच हे सुरू करता आलं असतं, याची मला अजून चुटपुट लागते. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात 370 दाखल वृद्ध रुग्णांवर झालेला अभ्यास 2019 च्या सुमारास प्रसिद्ध झाला, सरासरी वय 87. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याबरोबर सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं ताकद, तोल आणि चालण्याचे व्यायाम, जेमतेम आठवडाभर. नेहमीचे उपचार घेणारे घरी जाताना रोजच्या व्यवहारांत आधीपेक्षा जास्त परावलंबी झालेले होते. व्यायाम करणारे दाखल होण्याच्या आधीइतके, किंवा किंचित बरे. आजार बरा होणं आणि माणूस आपल्या पायांवर घरी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आईच्या कमोडपाशी कळलं.

सावधगिरी हवीच. छातीत दुखत असेल, आराम करतानाही धाप लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हाड नुकतंच मोडलेलं असेल, तर आधी डॉक्टर. झोपेतून एकदम उभं राहिल्यावर काही वृद्धांचा रक्तदाब झपकन उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं. दुखऱ्या गुडघ्याला मात्र या व्यायामाची भीती नको. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

आईचं सुरू झालं ते जेवणाच्या खुर्चीपासून. हात नसलेली लाकडी खुर्ची, घसरू नये म्हणून भिंतीला टेकवलेली, त्यावर दोन जाड उशा. बैठक उंच झाली की उठायला जोर कमी लागतो. पाय थोडे मागे, नाक पावलांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. पहिल्या दिवशी तीनदा, तेही मी काखेत हात घालून. दहा दिवसांनी एक उशी काढली. तिच्या जुन्या नऊवारीच्या पट्टीत अर्धा किलो वाळू शिवून घोट्याला बांधली, काट्यावर तोलून. ती ओट्याला धरून चवड्यांवर उभी राहायची, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी मोजायची. अडीच महिन्यांनी दुसरी उशी निघाली. घोट्याला तोवर दीड किलो झालं होतं.

दिवाळीत माणसं आली, खुर्च्या पाहुण्यांना लागल्या आणि महिनाभर सगळं राहून गेलं. बोस्टनच्या प्रयोगातही व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत 32 टक्के ताकद गेली होती. भाऊबीज होऊन बरेच दिवस झाल्यावर आई पुन्हा त्या खुर्चीवर बसली, उठायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "एक उशी आण रे." आणली. आता परत अर्ध्या किलोपासून चालू आहे.