आम्लपित्त

छातीच्या मधल्या हाडामागे जळजळणं, घशाशी आंबट-कडू येणं, करपट ढेकर, मळमळ या सगळ्याला मिळून आम्लपित्त म्हणतात, रोजच्या बोलण्यात अ‍ॅसिडिटी. जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत चढतं तेवढ्या प्रकाराला आधुनिक वैद्यक अ‍ॅसिड रिफ्लक्स म्हणतं आणि तो त्रासदायक होऊन टिकून राहिला की जीईआरडी. अंगावर गांधी उठतात ते पित्त वेगळं, ती अ‍ॅलर्जीच्या जातीची गोष्ट आहे.

हा रोग आयुर्वेदात नक्की कधी आला यावर एकमत नाही. चरकसंहितेत त्याचा उल्लेख येतो, उदा. खारट फार खाल्लं तर काय काय होतं त्या यादीत, पण स्वतंत्र अध्याय नाही. तसा अध्याय काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आहे आणि तिथे कारण छान सांगितलंय, दह्याच्या न धुतलेल्या भांड्यात दूध ओतलं की ते आंबतं तसं बिघडलेल्या जठरात अन्न आंबतं. आता हा ग्रंथ जुना धरायचा तर आम्लपित्तही तितकंच जुनं ठरतं, पण खिलस्थान हा मागाहून जोडलेला भाग असावा असं बरेच अभ्यासक मानतात, शिवाय नेपाळात मिळालेली पोथी अपुरी होती (ती छापली गेली १९३८ मध्ये, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात), त्यामुळे त्यावरून काळ ठरवणं जरा धाडसाचंच. त्यापेक्षा साधारण ७व्या-८व्या शतकातल्या माधवनिदान या रोगनिदानावरच्या ग्रंथाचा आधार पक्का वाटतो. त्यात अपचन, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छाती-घशात दाह आणि अरुची अशी लक्षणं दिलीत, आणि ऊर्ध्वग (वरच्या दिशेने जाणारं) व अधोग (खालच्या दिशेने जाणारं) असे दोन प्रकार. आम्लपित्त म्हणजेच जीईआरडी असं सरसकट लिहिलेलं दिसतं, ते ऊर्ध्वग प्रकाराला बऱ्यापैकी लागू पडतं, अधोगला नाही.

आधुनिक बाजूला जीईआरडीच्या २००६च्या माँट्रियल व्याख्येने जळजळ आणि घशाशी येणं ही दोन मुख्य लक्षणं धरली. जळजळ बहुधा जेवणानंतर, खालून वर सरकणारी, वाकलं किंवा आडवं झालं की वाढणारी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू नको तेव्हा सैल पडतो म्हणून हे होतं, आणि डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं म्हणून कमी होतं (वामकुक्षी म्हणजे डावी कूसच, पण ताटावरून उठून थेट पलंगावर जाणं रिफ्लक्सवाल्यांना मानवत नाही). काहींना जळजळ जाणवतच नाही, नुसता कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, किंवा दातांच्या आतल्या बाजूचं झिजलेलं एनॅमल, जे बऱ्याचदा डेंटिस्टलाच आधी दिसतं. पण खोकला आणि आवाजाची इतर कारणंही भरपूर असतात, तेव्हा जळजळ नसताना रिफ्लक्सवर खापर फोडायची घाई नको.

दुर्बिणीने तपासलं तरी निम्म्याहून जास्त जणांची अन्ननलिका चांगलीच दिसते, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तर रोग नाही असं होत नाही. मग पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) तपासणी करतात. नाकातून बारीक नळी घालून तिचा सेन्सर स्नायूच्या ५ सेंमी वर ठेवतात आणि पुढचे २४ तास पेशंट घरी नेहमीसारखं खातो-पितो-झोपतो. पीएच ४च्या खाली राहिलेला वेळ एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त, म्हणजे जवळपास दीड तास, भरला तर रिफ्लक्स नक्की, ४ टक्क्यांच्या आत असेल तर नॉर्मल, आणि मधलं सगळं इतर पुरावे बघून ठरवतात. एरवी मात्र डॉक्टर आधी काही आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देऊन बघतात, सकाळी नाश्त्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायच्या, जेवण झाल्यावर घेतल्या तर असर कमी.

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा अ‍ॅनिमिया असेल तर गोळ्यांवर न थांबता दुर्बीण लागते. छातीत दाब, दरदरून घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, चालल्यावर वाढणं, यात आधी ईसीजी. विशेषतः डायबेटिस असलेल्यांचा हार्ट अटॅक अ‍ॅसिडिटीसारखाच वाटू शकतो, आणि सोडा किंवा ईनो घेऊन ढेकर आली, बरं वाटलं, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही.

तान्ह्या बाळांचं दूध काढणं वेगळं, वजन वाढतंय आणि बाळ खेळतंय तर ते बहुतेक वर्षाच्या आत आपोआप थांबतं.