नाण्यातला दोष उलट्या वाटेनं शोधावा

चांदीच्या नाण्यावर लक्ष्मीच्या नाकाचा शेंडा बोथट उठला, की ऑपरेटरचा हात आधी प्रेसचा दाब वाढवायला जातो. शिफ्ट सांभाळणाऱ्यानं तो हात तिथंच थांबवावा. डायमध्ये, म्हणजे नक्षी उलटी कोरलेल्या ठशात, नाकाची जागा सगळ्यात खोल असते, त्यामुळे धातू तिथं सगळ्यात शेवटी पोचतो. दाब कमी पडला तर नाक बोथट येतंच. पण जिच्यावर ठसा उमटवायचा ती कोरी चकती कडक राहिली, पातळ निघाली किंवा डायच्या खोलगट जागेत तेल आणि धूळ साचली, तरीही ते अगदी तसंच येतं. कारण न बघता दाब वाढवला, तर धातू डाय आणि कॉलर (चकतीला बाजूनं अडवणारं कडं) यांमधल्या फटीत घुसतो, कडेला धारदार फिन निघते आणि महागड्या डायला तडा जाण्याची वेळ येते.

सांगली जिल्ह्यात चांदीची भाषा नवी नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देतात. टंच (शुद्धतेची पारख), घट (गाळताना होणारी तूट), मूस (धातू वितळवायचं भांडं) हे शब्द इथं घरात कानावर पडतात. चलनातली नाणी मात्र मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार सरकारी टांकसाळींतच पडतात. खासगी युनिटमध्ये पूजेची आणि भेटीची नाणी बनतात. त्यांवर रुपयाचं मूल्य छापायचं नसतं. धातूचे नियम दोन्हीकडे सारखेच.

बहुतेक दोषांचा जन्म भट्टीत होतो. चांदी 962 अंशांना वितळते आणि वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन शोषून घेते. थिजताना तो वायू बाहेर पडू बघतो. रसावर कोळशाचा थर नसेल किंवा ओतायला उशीर झाला असेल, तर बारीक पोकळ्या आतच अडकतात. पाटा लाटताना त्या चपट्या होऊन लपतात. पुढे चकतीला ताव दिला, म्हणजे नरम करायला तापवली, की आतला वायू फुगतो आणि पृष्ठभागावर फोड येतो. चूक मुशीपाशी झाली, ती दिसली दोन-तीन टेबलं ओलांडल्यावर.

लाटण्याच्या मशीनवर मायक्रोमीटर हाच खरा मुकादम. 10 ग्रॅमचं, 30 मिलिमीटर व्यासाचं नाणं घ्या. चांदीची घनता घन सेंटिमीटरला 10.49 ग्रॅम, म्हणजे सरासरी जाडी साधारण 1.35 मिलिमीटर येते. पट्टी फक्त 0.01 मिलिमीटर जाड राहिली, तर प्रत्येक चकतीत सुमारे 74 मिलिग्रॅम चांदी जादा जाते. 5,000 नगांमागे 370 ग्रॅम! पातळ निघाली, तर ग्राहकाची फसवणूक होते. म्हणून पट्टीच्या दोन्ही कडा आणि मध्य अशा तीन जागी जाडी मोजायची. रोल मधोमध किंचित वाकत असल्यामुळे मधली जाडी अनेकदा जास्त भरते.

चकत्या एका ओळीत कापल्या, दोन चकत्यांत आणि कडेला एकेक मिलिमीटर सोडला, तर सुमारे 29 टक्के पट्टी कतरण म्हणून उरते. दोन ओळी मधमाशीच्या पोळ्यासारख्या खोचून घेतल्या, की हा आकडा 22-23 टक्क्यांवर येतो. कतरण वाया जात नाही, पण पुन्हा गाळणी, पुन्हा घट. चकती कापणारा पंच बोथट झाला, की चकतीच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरबरीत धार येते. ती निघाली नाही, तर प्रेसमध्ये तुटून डायवर पडते आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर खड्डा उमटवते.

त्यानंतर चकतीची कड गोलाकार दाबून थोडी उचलली जाते, म्हणजे नाण्याची कड भरायला प्रेसला कमी जोर लागतो. लाटून आणि दाबून कडक झालेली चांदी मग 600 अंशांच्या आसपास ताव देऊन नरम करतात. इथं घाई करू नये आणि आळसही करू नये. ताव कमी पडला तर नक्षी भरत नाही. जास्त झाला तर धातूचे कण मोठे होतात आणि नाण्याच्या गुळगुळीत भागावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा दिसतो.

प्रेसवर तीन गोष्टी चकतीला घेरतात: खालचा डाय, वरचा डाय आणि भोवतीची कॉलर. कॉलरचं महत्त्व समजून घ्यायचं, तर शिवराई हातात घ्यावी. ती हातोड्यानं पाडलेली; धातूला बाजूनं अडवणारं काही नव्हतं, चकती आणि ठशाचा मेळही ढोबळ. म्हणून कित्येक शिवरायांवर ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यांतली अक्षरं कडेबाहेर गेलेली दिसतात.

चकती न येता प्रेस एकदा जरी चालली, तरी दोन्ही डाय एकमेकांवर आदळतात आणि एकाची नक्षी दुसऱ्यावर पुसट उमटते. त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर कमळामागे भुतासारखी दुसरी रेघ दिसते. म्हणून चकती आली की नाही ते बघणारा फीडचा सेन्सर किंवा हाताचं गार्ड ‘पाच मिनिटांपुरतं’ सुद्धा बंद करायचं नाही. सेन्सर डाय वाचवतो, गार्ड बोटं वाचवतं.

दोष शोधायची किल्ली सोपी आहे. खूण प्रत्येक नाण्यावर त्याच जागी असेल, तर डाय बघा. जागा बदलत असेल, तर चकती, धूळ किंवा पुसायच्या फडक्याचा धागा. धाग्याची वळणदार खाच भिंगातून लगेच ओळखू येते. पट्टीवरच ठरावीक अंतरानं येत असेल, तर रोल तपासा. 150 मिलिमीटर व्यासाच्या रोलवरचा ओरखडा दर 471 मिलिमीटरवर परत येतो. पहिले पाच नग आणि नंतर दर शंभरावा नग कडेनं धरून, मोज्यांच्या हातानं, तिरप्या उजेडात बघावा, वजन करावं आणि डायच्या वहीत नोंद करावी.

शिफ्ट संपताना धातूचा हिशेब जुळलाच पाहिजे. समजा 20 किलोची पट्टी दिली. 1,480 चांगले नग म्हणजे 14.800 किलो, कतरण 4.600, नापास नग 0.520, झाडलोट 0.060. उरले 20 ग्रॅम. अशा वेळी टीममधल्या कुणाकडे संशयानं बघण्याआधी कापणीच्या डायखालची खोबण, वजनकाट्याचं शून्य आणि पॉलिशच्या पिंपातला गाळ बघावा. पिंपाचं पाणी गाळणीतून न काढता मोरीत सोडत असाल, तर चांदी रोज तिथूनच जाते.