कान वाजतात तेव्हा : एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

‘कानात रातकिडे बसलेत’, ‘शिट्टी वाजायलीय’, ‘रात्री निजलं की घूं घूं व्हायलंय’. मराठवाड्यात ही तक्रार अशा शब्दांत येते. बाहेर काहीच वाजत नसताना आवाज ऐकू येतो, त्याला डॉक्टर टिनिटस म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही, लक्षण आहे. कानात मळ साठणं, वाढतं वय, गोंगाट, अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस, स्ट्रेप्टोमायसीनच्या जातीची इंजेक्शनं अशी त्याची कारणं बरीच आहेत.

तक्रार मात्र फार जुनी. सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले, त्यात ही आहे. पुढे माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथाने लक्षणं नेमकी सांगितली. कानाच्या मार्गात वायू ठाण मांडून बसला की भेरी, मृदंग, शंख असे नाना आवाज येतात, तो कर्णनाद. बासरीसारखा आवाज आला तर कर्णक्ष्वेड. गंमत म्हणजे नादावर चित्त लावणाऱ्या योग्याला काय काय ऐकू येतं, याची हठयोगप्रदीपिकेतली यादीही जवळपास हीच आहे: भेरी, शंख, घंटा, बासरी, भुंगा. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं आपेगाव आणि एकनाथांचं पैठण या पट्ट्यात अनाहत नाद, म्हणजे काही न वाजवता आतून ऐकू येणारा आवाज, हा शब्द कीर्तनातूनही कानावर पडतो. म्हणजे एकजण ज्या आवाजाने हैराण होऊन वैद्याकडे धावतो, तसलाच आवाज दुसरा डोळे मिटून ऐकत बसतो. हे दोन्ही एकच, असं मी म्हणत नाही. पण आवाज तसाच असूनही त्रास वेगळा असू शकतो, हे विज्ञानाच्या ध्यानात यायला विसावं शतक संपत आलं. (जुन्या रोमन लोकांना कान वाजला की कुणीतरी आपल्याविषयी बोलतंय असं वाटे. आपण ते काम उचकीकडे दिलंय.)

गोंगाटाचा धागा युरोपात कारागिरांपासून सुरू होतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने व्हेनिसचे तांबट ठोकून ठोकून बहिरे होतात, हे लिहून ठेवलं. १८३१ मध्ये इंग्लंडच्या फॉसब्रोकने लोहारांच्या बहिरेपणावर लिहिलं. आपल्याकडे परभणी-सेलूच्या जिनिंगमध्ये, पूर्वी नांदेडच्या उस्मानशाही कापड मिलमध्ये आणि आता जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू. अंतर्कर्णातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. ८५ डेसिबलमध्ये (डेसिबल हे आवाजाची तीव्रता मोजायचं माप) आठ तास ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. वरातीतल्या डीजेसमोर नाचणाऱ्याने हा हिशेब एकदा जरूर करावा. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंदवायच्या आजारांच्या यादीत आहे; तरी कानात बोळे घातलेला कामगार अजून विरळाच दिसतो.

पेशी मेल्या की मेंदूकडे जाणारा संदेश कमी होतो. मग मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवू लागतो, आणि त्या वाढवण्यातून शिट्टी ऐकू येते, असं आजचं प्रमुख स्पष्टीकरण आहे. हे कळण्याआधी दोष कानातच शोधला गेला. काही ठिकाणी श्रवणनाडी कापूनही पाहिली. माणूस त्या कानाने ठार बहिरा झाला, आवाज मात्र अनेकांचा थांबला नाही.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ८० धडधाकट कानांच्या माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ सगळ्यांचेच कान वाजतात.

आरामाचा एक रस्ता त्याआधीच सापडला होता. पॅरिसच्या इटार्ड या डॉक्टरने १८२१ मध्ये सुचवलं की घुमणारा आवाज असेल तर ओल्या लाकडाच्या तडतडत्या जाळाजवळ बसावं, किणकिण असेल तर तांब्याच्या भांड्यात पाणी ठिबकू द्यावं. पुढे दीडशे वर्षं या सल्ल्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी कानात घालायचं आवाजाचं यंत्र रुग्णांसाठी आणलं, तेव्हा बाहेरच्या आवाजाने आतला आवाज झाकायची ती कल्पना पुन्हा पुढे आली. १९९० मध्ये जॅस्ट्रेबॉफ या संशोधकांनी म्हटलं की त्रासाचं मूळ त्या आवाजाला मेंदूने चिकटवलेल्या भीतीत आहे. भीती सुटली की पंख्याच्या आवाजासारखा हाही मागे पडतो. हळुवार आवाज आणि समुपदेशन अशी त्यांची पद्धत होती.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), जस्त, मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) यांची शिफारस करू नका असं सांगितलं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, आणि मनाच्या सवयी बदलणारी सीबीटी ही समुपदेशन पद्धत, यांच्या बाजूने त्यांनी कौल दिला. आपल्याकडे अजूनही आधी कोमट तेल कानात जातं. पडद्याला भोक असेल तर ते तेल नुकसानच करतं. आधी कान तपासून घ्यावा, मळ डॉक्टरांकडूनच काढावा, ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) करावा, रात्री पंखा किंवा बारीक आवाजात रेडिओ चालू ठेवावा. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तर तपासणी टाळू नये. आणि ऐकणं एकाएकी गेलं असेल तर सोमवारची ओपीडी उघडायची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा, कारण त्यावरच्या स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तो पहिल्या काही दिवसांत जास्त.